खानदेशातील छापील पोथ्या : हस्तरंजित चित्रे आणि संग्रहाचा प्रश्न

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील हस्तलिखितांच्या संग्रहाचा इतिहास सांगताना धुळे शहराचे नाव टाळता येत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच शहरात निधन झाले आणि त्यांच्या दप्तरांच्या जतनासाठी १९२७ मध्ये येथे राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. त्याच्याही आधीपासून शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतून बाडे जमविण्याचे काम धुळ्यातच चालविले होते. श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर हे त्या कामाचे फळ होय. कागदाच्या प्रत्येक चिठोऱ्याला मोल आहे, ही जाणीव या दोन संस्थांनी खानदेशात रुजविली.

या जाणिवेच्या कक्षेबाहेर मात्र एक वस्तू राहून गेली. ती म्हणजे एकोणिसाव्या शतकातील छापील सचित्र पोथी. पोथीसारखी आडवी, सुटी पाने. शिळाछापाची किंवा खिळ्यांची अक्षरे. मधूनमधून शिळेवर रेखाटलेली अथवा लाकडी ठशाने उमटविलेली चित्रे. आणि काही प्रतींत त्या चित्रांवर हाताने दिलेले रंग, असे तिचे स्वरूप असते. ती छापलेली असल्याने हस्तलिखितांच्या सूचीत येत नाही. देवघरातील वस्तू असल्याने ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीतही क्वचितच शिरते. प्रस्तुत निबंधात या पोथीचे ऐतिहासिक स्थान, तिच्या चित्रांचे तांत्रिक स्वरूप आणि जळगाव-धुळे परिसरातील तिच्या संग्रहाचा प्रश्न यांचा विचार केला आहे. हाताने रंगविलेल्या मुद्रित ग्रंथाची प्रत्येक प्रत स्वतंत्र असते आणि म्हणून अशा ग्रंथाला ‘दुसरी प्रत’ नसते, हे त्यातील मुख्य प्रतिपादन आहे.

छापील पोथीचा उदय :

मराठी भाषेतील मुद्रणाचा प्रारंभ भक्तिग्रंथांशी निगडित आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो भाविकांनी करून ठेवलेल्या हस्तलिखित नकलांमुळे. एकदा छापले की ग्रंथ सुरक्षित झाला, ही समजूत किती फसवी आहे, याचा हा मराठीतील पहिला धडा म्हणावा लागेल.

देवनागरीतील मुद्रणाचा प्रयत्न पेशवाईच्या अखेरीस झाला. पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या सहवासातून नाना फडणवीसांना मुद्रणकलेची ओळख झाली आणि भगवद्गीतेचे ठसे तांब्याच्या पत्र्यावर कोरण्याचे काम एका तांबटाकडे सोपविण्यात आले. १८०० मध्ये नानांचे निधन झाल्याने ते काम थांबले. पुढे तोच कारागीर मिरजेस गेला आणि गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने १८०५ मध्ये गीता छापली गेली. त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. एकाच वर्षीच्या या दोन प्रकाशनांतून मराठी मुद्रणाच्या दोन वाटा दिसतात. एक शिक्षण व प्रशासनाची, तर दुसरी पारायणाची. मुद्रणाच्या इतिहासलेखनात पहिल्या वाटेची चर्चा विपुल झाली. दुसरीकडे त्या मानाने कमी लक्ष गेले.

पारायणाची वाट रुंद केली ती मुंबईतील गणपत कृष्णाजी यांनी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम पाहून त्यांनी स्वतःचे यंत्र उभारले, शिळाछाप आत्मसात केली आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. छापील कागदाच्या सोवळ्याविषयी त्या काळी लोकांच्या मनात शंका होती. शाईत चरबी असते, म्हणून छापलेली पोथी देवापुढे कशी ठेवावी, असा प्रश्न विचारला जाई. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरून या शंकेचे निरसन केल्याचे सांगितले जाते. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरीची शिळाछाप आवृत्ती काढली. श्रीधरांचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ व ‘शिवलीलामृत’, महिपतींचा ‘भक्तविजय’ हे ग्रंथ अठराव्या शतकात रचले गेले आणि हस्तलिखितांतून घरोघरी पसरले. एकोणिसाव्या शतकात तेच मराठी छापखान्यांचे मोठे भांडवल ठरले.

शिळाछापाला मिळालेली पसंती केवळ स्वस्ताईमुळे नव्हती. या पद्धतीत लेखनिकाचे अक्षर जसेच्या तसे कागदावर उमटते. बोरूचे वळण, दुहेरी रेघांचे समास, अध्यायाच्या अखेरची पुष्पिका हे सर्व राखता येते. वाचकाच्या हाती पडे ती ओळखीची पोथीच. फक्त ती एका लेखनिकाने लिहिलेली एक नसून शेकडोंपैकी एक असे. म्हणून या काळातील छापील पोथी ही हस्तलिखित परंपरेचा शेवट नसून तिचे नव्या साधनाने झालेले विस्तारण होय, असे म्हणणे अधिक योग्य ठरते.

ठसा, शिळा आणि कुंचला :

सचित्र पोथीतील चित्रे मुख्यतः दोन पद्धतींनी छापली जात. लाकडी ठशात चित्राच्या रेषा उंच ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढतात. अशा ठशाची उंची खिळ्यांइतकी ठेवली की अक्षरे आणि चित्र एकाच दाबात छापता येतात. शिळाछापात चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने रेखाटन केले जाते. ओली शिळा शाई नाकारते आणि तेलकट रेषा ती धरून ठेवते. जर्मनीत आलोइस सेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती शोधली आणि काही दशकांतच ती मुंबईत स्थिरावली.

अभ्यासकाला या दोन पद्धतींतील भेद साध्या भिंगाने ओळखता येतो. लाकडी ठशाच्या रेषेला कडेशी शाईची दाट किनार असते, पानाच्या मागे बोट फिरविल्यास दाब जाणवू शकतो आणि ठसा जुना झाला की लाकडाची चीर पांढऱ्या रेषेच्या रूपाने चित्रात उतरते. शिळाछापाची रेषा सपाट असते आणि तिला दाब नसतो. हा भेद पोथीचा कालक्रम ठरविण्यास उपयोगी पडतो. एकाच ठशाच्या दोन छापांपैकी ज्यात चीर अधिक लांब, तो छाप बहुधा नंतरचा.

चित्र छापले गेल्यावर रंगाचे काम हाताने होई. हिंगुळ, हरताळ, नीळ, गेरू, जंगाल हे रंग हस्तलिखितांच्या चित्रकारांना पूर्वापार परिचित होते. रंग देणाऱ्याचा हात घाईचा असेल तर रंग रेषेबाहेर जातो. एका प्रतीत कृष्णाचे पीतांबर गडद, तर दुसऱ्या प्रतीत फिके असू शकते आणि तिसरीत चित्र कोरेच राहिलेले असते. रंग छापखान्यात दिले गेले, विक्रेत्याने दिले की घरी कोणी दिले, हे प्रत्येक प्रतीचे परीक्षण करूनच ठरवावे लागते.

असा प्रकार केवळ मराठीत घडलेला नाही. युरोपातील मुद्रणाच्या आरंभकाळात भक्तिपर काष्ठचित्रे हाताने रंगविण्याची रीत सर्रास होती. १४२३ हे वर्ष छापलेले संत ख्रिस्तोफरचे रंगीत काष्ठचित्र मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. एका हस्तलिखिताच्या बांधणीच्या आत चिकटविलेले असल्यामुळे ते वाचले. १४९३ च्या न्यूरेंबर्ग बखरीत ६४५ ठशांतून १,८०९ चित्रे साधली आहेत, म्हणजे एकच ठसा निरनिराळ्या व्यक्तींसाठी व नगरांसाठी वापरला आहे; तिच्या काही प्रती रंगविलेल्या, तर काही कोऱ्या आहेत. भारतात १८१६ मध्ये कलकत्त्यात गंगाकिशोर भट्टाचार्य यांनी ‘अन्नदामंगल’ सचित्र छापले आणि पुढे तेथील बटतला भागात हाताने रंगविलेल्या काष्ठचित्रांचा व्यवसाय भरभराटीस आला. पुण्यातील चित्रशाळा छापखाना १८७८ मध्ये आणि राजा रविवर्मा यांचा मुंबईतील छापखाना १८९४ मध्ये सुरू झाला. रंगीत शिळाछापाची देवादिकांची चित्रे स्वस्त झाली आणि कुंचल्याने रंग देण्याची गरज ओसरली. त्यामुळे हस्तरंजित मुद्रित पोथीचा काळ मुळातच थोडा आहे. तिच्या दुर्मिळतेचे हे पहिले कारण होय.

खानदेशातील पार्श्वभूमी :

पोथी ही खानदेशाला नवी नव्हती. मुक्ताबाईंच्या समाधिस्थानामुळे तापीकाठी वारकरी परंपरेचे केंद्र होते. अमळनेरला सखाराम महाराजांचे संस्थान होते. फैजपूर-सावदा परिसरात महानुभावांचे मठ होते. यावल व एरंडोल ही गावे देशी कागदासाठी ओळखली जात. कागद, लेखनिक आणि श्रोता हे तिन्ही घटक येथे होते. छापील पोथी मात्र बाहेरून, मुख्यतः मुंबई-पुण्याहून आली. १८६० च्या दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव मार्गे भुसावळला पोहोचला. १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. बैलगाडीने आठवडे घेणारा माल काही दिवसांत येऊ लागला आणि त्यात पोथ्यांनाही वाट मिळाली असणार, हे अनुमान स्वाभाविक आहे.

या पोथ्यांचा वाचक आणि आजचा वाचक यांत फरक आहे. श्रावणात किंवा चातुर्मासात एकाने वाचायचे आणि ओसरीवर बसलेल्यांनी ऐकायचे, अशी रीत होती. ऐकणाऱ्यांतील अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, अक्षरओळख नसे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांनी शाळेचे तोंड न पाहता रचलेली गाणी ही श्रवणाने किती समृद्ध मन घडते, याची साक्ष आहेत. अशा श्रोत्यांसाठी पोथीतील चित्र हे सजावट नव्हते. ओव्या वाचता न येणाऱ्याला पोथीत पाहता येणारी ती एकमेव जागा होती. चित्रावरील हळदकुंकवाचे बोट, समईच्या तेलाचा डाग, पान धरण्याच्या कोपऱ्यावरील काळसर झीज ही म्हणून दोषांची यादी नव्हे. वाचनाच्या सामाजिक इतिहासाची ती साधने होत आणि ती दुसऱ्या कोणत्याही दप्तरात मिळत नाहीत.

दोन सूचींमधील फट :

खानदेशातील संग्रहपरंपरा हस्तलिखिताभोवती उभी राहिली, याला कारण होते. राजवाडे यांच्यापुढे अस्सल कागद नष्ट होण्याचा प्रश्न होता. देव यांच्यापुढे शुद्ध पाठाचा प्रश्न होता. डोमगाव मठातील कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत त्यांनी १९०५ मध्ये छापून प्रसिद्ध केली. अशा दृष्टीला लोकांत चालणारी शिळाछाप पोथी पाठदृष्ट्या दुय्यम वाटली, तर त्यात नवल नाही. परंतु राजवाडे यांच्याच कार्यात याची दुसरी बाजू दिसते. त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची एकनाथपूर्व मानलेली प्रत छापली. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. अभ्यासकाला छापील आवृत्तीवरच विसंबावे लागते. साधनांची ‘अस्सल’ आणि ‘छापील’ अशी प्रतवारी कायमची नसते, असाच याचा अर्थ होतो.

शासकीय व्यवस्थेतही हीच विभागणी आढळते. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने हस्तलिखिताची व्याख्या करताना ते किमान ७५ वर्षे जुने व हाताने लिहिलेले असावे, अशी अट घातली आणि शिळाछाप व मुद्रित ग्रंथ हस्तलिखित नव्हेत, असे स्पष्ट केले. व्याख्या म्हणून हे योग्यच आहे. परंतु तिचा परिणाम असा की, गावोगावच्या सर्वेक्षणात एकाच बस्त्यात बांधलेल्या दहा पोथ्यांपैकी हाताने लिहिलेल्यांची नोंद होते आणि छापलेल्या तशाच परत बांधल्या जातात.

मुद्रित ग्रंथांच्या सूचींची अडचण वेगळी आहे. १८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकांची नोंदणी व प्रत जमा करणे बंधनकारक झाले. त्यापूर्वीच्या मराठी ग्रंथांना ‘दोलामुद्रिते’ म्हणण्याचा प्रघात आहे. ब्रिटिश म्युझियमची ब्लुमहार्ट यांनी केलेली मराठी-गुजराती मुद्रित ग्रंथांची सूची (१८९२) आणि शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ ही या क्षेत्रातील मोलाची कामे होत. तथापि सूचीकाराचे एकक ‘आवृत्ती’ हे असते. हस्तरंजित पोथीचे एकक ‘प्रत’ हे आहे. आवृत्तीची नोंद झाली म्हणजे प्रतींची नोंद झाली असे नाही. युरोपातील अभ्यासकांनाही हा भेद उशिरा जाणवला. पंधराव्या शतकातील ग्रंथांच्या प्रत्येक प्रतीवरील मालकी, रंग, बांधणी व टिपणे यांची नोंद करणारा ‘मटेरियल एव्हिडन्स इन इन्क्युनाब्युला’ हा प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाला.

नाशाच्या वाटा :

छापील पोथी तीन वाटांनी नाहीशी होते. पहिली वाट श्रद्धेची आहे. जीर्ण पोथी पायदळी पडू नये म्हणून ती तापी, गिरणा किंवा पांझरेच्या पाण्यात विसर्जित करतात. यामागील भावना आदराची आहे, म्हणून तिचा उपहास न करता पर्याय सुचविणे आवश्यक आहे. दुसरी वाट बाजाराची आहे. सचित्र पोथीतील पाने सुटी असल्याने चित्राचे पान काढून चौकटीत विकणे सोपे असते. चित्र टिकते, पण त्याचे ग्रंथाशी असलेले नाते तुटते आणि उरलेली पोथी रद्दी ठरते. तिसरी वाट ग्रंथालयीन निर्लेखनाची आहे. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती आढळल्या की जीर्ण प्रत बाद केली जाते. पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत हा नियम योग्य आहे. हस्तरंजित पोथीच्या बाबतीत तो घातक आहे.

खाजगी संग्राहकाची भूमिका या संदर्भात दुहेरी आहे. संस्थांनी दुर्लक्षिलेल्या अनेक वस्तू संग्राहकांच्या आवडीने वाचल्या, हे मान्य करावे लागते. पण केवळ रंगाला मोल येऊ लागले की कोऱ्या चित्रांवर मागाहून रंग चढविण्याचा मोह होतो. याची प्राथमिक पारख शक्य आहे. जुना रंग बहुधा तेलाच्या व कुंकवाच्या डागाखाली असतो. नवा रंग डागावर बसलेला दिसतो. रंग झिजलेल्या भागावरही पसरलेला असेल, तर तो झीज झाल्यानंतरचा असण्याचा संभव अधिक.

जतनाच्या बाबतीतही काळजी हवी. पाण्यात कालवून दिलेले रंग ओलाव्याने पसरतात, त्यामुळे पान धुणे किंवा पाणीदार खळीने चिकटविणे धोक्याचे आहे. जंगालाचा हिरवा रंग कालांतराने कागद खातो. हरताळात सोमल असल्याने हाताळल्यावर हात धुणे इष्ट. पारदर्शक चिकटपट्टी आणि प्लास्टिकचे आवरण टाळावे. सुती वेष्टन आणि आम्लमुक्त पुठ्ठ्याची पेटी एवढी साधने बहुतेक प्रतींना पुरेशी होतात.

महाविद्यालयांना शक्य असलेले कार्य :

या परिसरात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचे जाळे आहे; धुळ्यातील संशोधनसंस्था आणि जळगावच्या १८७७ मध्ये स्थापन झालेल्या वल्लभदास वालजी वाचनालयासारखी जुनी सार्वजनिक ग्रंथालये आहेत. पोथी विकत घेणे हे प्रत्येक संस्थेला परवडणारे नाही आणि आवश्यकही नाही. तिची नोंद करणे मात्र शक्य आहे. पोथी घराच्या मालकीचीच ठेवून, मालकाच्या संमतीने व त्याचे नाव जाहीर न करता, पुढील बाबींची नोंद इतिहास व मराठी विभागांतील विद्यार्थी करू शकतात.

१. ग्रंथनाम, छापखाना, शके व गाव. पुष्पिकेतील मजकूर जसाच्या तसा.
२. पानांची संख्या, आकार, कागद देशी की यंत्रनिर्मित.
३. अक्षर शिळाछाप की खिळ्यांचे. चित्र लाकडी ठशाचे की शिळेवरील.
४. प्रत्येक चित्राचा विषय, एकच ठसा अन्यत्र वापरला आहे काय, ठशातील चिरा.
५. कोणत्या चित्रांना रंग आहे, कोणते रंग, रेषेशी त्यांचा मेळ, डागांशी त्यांचा संबंध.
६. मालकीच्या नोंदी, दानाचे उल्लेख, जन्ममृत्यूच्या टिपा, पूजेच्या खुणा.
७. पोथी कोणत्या महिन्यात, कोण वाचत असे आणि कोण ऐकत असे, याविषयी घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती.

यांतील सातवी बाब सर्वांत तातडीची आहे. कागद आणखी काही वर्षे तग धरेल, परंतु ज्यांनी त्या पोथीसमोर बसून श्रवण केले ती पिढी फार काळ उपलब्ध राहणार नाही. विसर्जनाचा विचार करणाऱ्या कुटुंबाला जवळच्या ग्रंथालयात पोथी ठेवण्याचा पर्याय मिळाला, तर श्रद्धेलाही धक्का लागत नाही. विसर्जन व्हायचेच असेल, तर त्यापूर्वी प्रत्येक पानाचे छायाचित्र घेता येते.

निष्कर्ष :

हस्तरंजित चित्रांची छापील पोथी ही हस्तलिखित आणि मुद्रित यांच्या सीमेवरील वस्तू आहे. तिचा मजकूर अनेक प्रतींत समान असतो. तिचे रंग, डाग व नोंदी मात्र एकाच प्रतीपुरत्या असतात. म्हणून तिच्या बाबतीत आवृत्तीनिहाय सूची अपुरी ठरते आणि प्रतिनिहाय नोंद आवश्यक ठरते. ‘दुसरी प्रत’ म्हणून अशी पोथी बाद करणे हे एका स्वतंत्र ऐतिहासिक साधनाचे निर्लेखन होय.

राजवाडे आणि देव यांनी गावोगाव फिरून दप्तरे जमविली, तेव्हा ती दप्तरे बहुतेकांच्या लेखी माळ्यावरची अडगळ होती. आज त्याच माळ्यांवर छापील पोथ्यांचे बस्ते आहेत. खानदेशाने हस्तलिखितासाठी जे केले, ते छापील पोथीसाठी करण्यास लागणारी साधने त्या काळापेक्षा आज कितीतरी सुलभ आहेत. वेळ मात्र त्या मानाने थोडा आहे.